बायसनचा खिमा वातड, कोरडा आणि नावापुरताच आरोग्यदायी होऊ नये म्हणून या चुका टाळा

अमेरिका आणि कॅनडातील मोठ्या किराणा दुकानांत बायसनचा खिमा आता सहज मिळतो, आणि तिथल्या काही मराठी घरांतही तो मटणाच्या खिम्याला पर्याय म्हणून येऊ लागला आहे. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलवरून बजावलेले असते, बकऱ्याचे चांगले मटण प्रत्येक गावात मिळत नाही, आणि पाकिटावर 'कमी चरबी, भरपूर प्रथिने' असे ठळक छापलेले असते. पहिल्यांदा तो घरी आणणारा माणूस बहुधा मटणाच्या खिम्याची हाताला बसलेली कृतीच त्याला लावतो: खिमा धुतो, सढळ हाताने तेल घालतो आणि कुकरच्या तीन-चार शिट्ट्या काढतो. मग ताटात येतो तो वातड दाण्यांचा आणि वर तेलाचा थर आलेला खिमा. त्यात दोष मांसाचा नसतो. या खिम्यात सहसा चरबी कमी असते, आणि म्हणूनच आच, वेळ, तेल आणि पाणी या चारही बाबतींत त्याला वेगळे वागवावे लागते.

आणले ते नेमके काय, हे न पाहणे

बायसन हा उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला, खांद्यावर मोठा उंचवटा असलेला प्राणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीमुळे त्याची संख्या कोट्यवधींवरून हजाराच्या आत आली होती. २०१६ मध्ये अमेरिकेने त्याला राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा दर्जा दिला. दुकानात मिळणारे मांस मात्र साउथ डकोटा, नेब्रास्का, अल्बर्टा अशा भागांतील कुरणांवर पाळलेल्या कळपांचे असते. तिकडे त्याला बफेलोही म्हणतात, पण ते म्हशीचे मांस नव्हे. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला गवा हाही वेगळा प्राणी असून त्याची शिकार भारतात गुन्हा आहे.

पाकिटावरचे मोठे नाव वाचून थांबू नये, मागची घटकांची यादीही वाचावी. तयार पॅटी आणि सॉसेजमध्ये बायसनबरोबर गायीचे किंवा डुकराचे मांस अथवा चरबी मिसळलेली असू शकते. 'बीफॅलो' असे लिहिलेले असेल तर तो गाय आणि बायसन यांचा संकर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार गाय, डुक्कर आणि मेंढी यांच्या मांसाची सरकारी तपासणी सक्तीची आहे, तर बायसनची ऐच्छिक आहे. ती झालेली असेल तर पाकिटावर त्रिकोणी शिक्का असतो. तो पाहून घेतलेला बरा. 'वाढीची संप्रेरके न दिलेले' या ओळीसाठी मात्र जास्त पैसे मोजू नयेत, कारण बायसनला ती देण्याची परवानगी मुळातच नाही.

दुसऱ्याच मांसाचे आकडे खिम्याला लावणे

ही चूक सर्वांत जास्त लोक करतात आणि तिचा परिणाम थेट तब्येतीवर होतो, म्हणून इथे जरा थांबायला हवे. बायसनच्या १०० ग्रॅम मांसात जेमतेम अडीच ग्रॅम चरबी असते, असे जे सर्वत्र सांगितले जाते, तो आकडा खोटा नाही. पण तो बाहेरची चरबी पूर्ण काढून भाजलेल्या नुसत्या मांसाचा आहे. खिमा करताना चरबीचे कापही त्यात दळले जातात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यांनुसार तव्यावर शिजवलेल्या साध्या बायसन खिम्यात दर १०० ग्रॅममागे सुमारे १५ ग्रॅम चरबी आणि २३८ कॅलरी असतात; नुसत्या गवतावर वाढवलेल्या बायसनच्या शिजलेल्या खिम्यात सुमारे साडेआठ ग्रॅम चरबी, १७९ कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. प्राणी तोच, पण चरबीत अडीच ग्रॅमपासून पंधरापर्यंतचा फरक पडतो. तेव्हा 'बायसन' हा शब्द कमी चरबीची हमी देत नाही, ती पाकिटावरच्या तक्त्यातच शोधावी लागते.

अमेरिकेत लेबलवर 'लीन', म्हणजे कमी चरबीचे, असे लिहायचे तर १०० ग्रॅममध्ये एकूण चरबी १० ग्रॅमपेक्षा कमी, संपृक्त चरबी साडेचार ग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि कोलेस्टेरॉल ९५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. '९० टक्के लीन' हे शब्द वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे टक्के वजनाचे असतात, कॅलरींचे नव्हे. कच्च्या १०० ग्रॅम खिम्यातल्या १० ग्रॅम चरबीतून ९० कॅलरी मिळतात आणि २० ग्रॅम प्रथिनांतून ८०. म्हणजे वजनाने दहावा हिस्सा असलेली चरबी निम्म्याहून अधिक कॅलरी देते.

या हिशेबात आता फोडणीचे तेल घालून पाहा. एका मोठ्या चमच्यात सुमारे १४ ग्रॅम तेल असते. एका पौंडाच्या, म्हणजे ४५४ ग्रॅमच्या ९० टक्के लीन खिम्यात ४५ ग्रॅम चरबी असते, आणि मटणाच्या सवयीने चार मोठे चमचे तेल ओतले की ५६ ग्रॅम चरबी वरून पडते. मांसात होती त्याहून जास्त चरबी आपणच घातलेली असते आणि दुप्पट भावाने आणलेल्या मांसाचा हेतूच उरत नाही. मटणावर येणारी तर्री बरीचशी मटणाच्या स्वतःच्या चरबीतून येते. बायसनच्या खिम्यावर तशी तर्री येणार नाही, हे स्वीकारूनच स्वयंपाकाला लागावे. एका पौंडाला एक ते दीड मोठा चमचा तेल पुरते. रंग हवा असेल तर त्याच मोजक्या तेलात काश्मिरी मिरचीची पूड मंद आचेवर क्षणभर परतावी.

धुणे आणि ओट्यावर ठेवणे

खिमा चाळणीत घेऊन नळाखाली धुण्याची सवय आपल्याकडे पक्की आहे. बायसनच्या बाबतीत ती सोडावी. धुण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ते सिंकमध्ये आणि ओट्यावर पसरतात. शिवाय दाण्यांत पाणी शिरते आणि ते पुढे कढईत सुटते.

गोठलेले पाकीट आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवावे. एका पौंडाला साधारण दिवसभर लागतो. घाई असेल तर बंद पाकीट गार पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि सुटले की लगेच शिजवावे. ओट्यावर रात्रभर ठेवलेल्या पाकिटाची बाहेरची बाजू तासन्‌तास कोमट राहते आणि मधला गोळा दगडच असतो. फ्रीजमधला कच्चा खिमा एक-दोन दिवसांत वापरावा.

कढईत गर्दी करणे आणि कुकरच्या शिट्ट्या

खिम्याला पाणी सुटले, तो करडा पडला आणि लालसर खरपूस झालाच नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. याचे कारण कढईतच असते. पौंडभर थंडगार खिमा मध्यम तापलेल्या कढईत एकदम पडला की तळाची उष्णता झपाट्याने उतरते, मांसाचा रस बाहेर येतो आणि खिमा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो. ते पाणी आटेपर्यंत दाणे आवळून घट्ट झालेले असतात. मटणाच्या खिम्यात चरबी वितळून हे दोष झाकते, पण इथे झाकायला काही नसते.

म्हणून खिमा शिजवण्याआधी कागदी रुमालाने हलकेच टिपावा. जाड बुडाची रुंद कढई किंवा बिडाचा तवा चांगला तापवावा, तेल फिरवावे आणि खिमा दोन वेळा करून, पातळ पसरून टाकावा. टाकल्यावर दोन मिनिटे त्याला हात लावू नये. सुरुवातीला येणारा ओलसर बुडबुडाट थांबून कोरडा चरचर आवाज येऊ लागला आणि कडा तपकिरी झाल्या की उलथन्याने उलटून मोडावा, आणखी दोन-तीन मिनिटे परतून बाजूला काढावा. त्याच कढईत कांदा, आले-लसूण, टोमॅटो आणि आपला मसाला पूर्ण शिजवावा. खिमा पडल्यावर मसाल्याचा कच्चेपणा घालवत बसलो तर मसाला मुरेपर्यंत मांस वातड होते. मसाला तयार झाला की परतलेला खिमा आणि मटार घालून, अर्धी वाटी गरम पाणी शिंपडून, झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावे. तेवढे पुरे होते. हे मांस किंचित गोडसर असते, तेव्हा कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसाला नेहमीपेक्षा थोडा कमी घातला तर त्याची चव कळते.

कुकरची इथे गरजच नाही. मटणाच्या तुकड्यांतील चिवट भाग मऊ होण्यासाठी दाबाखालचा वेळ लागतो. खिम्यात तो भाग आधीच यंत्राने बारीक केलेला असतो. अमेरिकन चिली, म्हणजे मांस आणि मिरचीचा रस्सा, तास-दीड तास शिजते हे खरे, पण तिथे मांस भरपूर पातळ रश्श्यात बुडालेले असते. सुक्या खिम्याला तेवढा वेळ दिला तर चोथाच होतो. तो कोरडा पडलाच, तर तेल ओतून सावरण्यापेक्षा गरम पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे आणि गॅस बंद केल्यावर चमचाभर फेटलेले घट्ट दही मिसळावे.

रंगावरून शिजले असे ठरवणे

बायसनचे कच्चे मांस गडद लाल असते आणि आतून लवकर तपकिरी होते, त्यामुळे ते शिजण्याआधीच शिजल्यासारखे वाटू शकते. उलट कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात पूर्ण शिजलेला दाणाही कधी गुलाबीसर राहतो. खिम्यात पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत पोहोचलेले असतात. २०१९ मध्ये बायसनच्या खिम्यातून ई. कोलाय या जंतूची लागण झाल्यामुळे अमेरिका आणि कॅनडात माल परत मागवावा लागला होता. बर्गर किंवा कबाबात थर्मामीटरची सुई बाजूने मध्यापर्यंत घालावी. १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सियस झाले की लगेच उतरवावे. त्याच्या खाली ठेवणे धोक्याचे आणि फार वर नेले तर कोरडे. मोठ्या तुकड्यांना चालणारे १४५ अंश खिम्याला चालत नाही. उरलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा.

कबाबसाठी काही जण सवयीने कच्ची पपई लावतात. या बारीक, कमी चरबीच्या खिम्याचा त्याने गिचका होतो. मीठही फार आधी घालून मळत बसले तर कबाब सॉसेजसारखा रबरी होतो. म्हणून मीठ थापण्याच्या जरा आधी घालावे. किसलेला कांदा पिळून घ्यावा, बांधणीला एक अंडे आणि दोन चमचे डाळ्याचे पीठ पुरते, आणि हात हलका ठेवावा.

औषध समजून रोज खाणे

बायसनमधून प्रथिने, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व चांगले मिळते. तरीही ते लाल मांसच आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीची शिफारस लाल मांस आठवड्याला शिजवलेल्या वजनाने ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये अशी आहे, आणि बायसनला त्यातून सूट नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक वैद्यकीय मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हाच हृदयविकाराची जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा आपल्या घरांत हा हिशेब अधिक काटेकोर हवा. पौंडभर खिमा चौघांना एका जेवणाला पुरवावा, सोबत डाळ, भाजी, कोशिंबीर असावी. युरिक अॅसिडचा त्रास असणाऱ्यांनी आणि गोचिडीच्या चाव्यानंतर लाल मांसाची अॅलर्जी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नये.

न सांगता वाढणे

बायसन आणि गाय एकाच कुळातले प्राणी आहेत, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तपासलेल्या बायसनमध्ये गायीच्या वंशाचा काही अंश आढळला होता. मटण खाणारी पण गोमांस वर्ज्य मानणारी अनेक मराठी माणसे बायसनही खात नाहीत, तर काहींना त्यात अडचण वाटत नाही. हा निर्णय ज्याच्या ताटात मांस पडणार आहे त्याचा आहे. खिमा-पाव करून मंडळाच्या सहभोजनाला नेला तर भांड्यावर 'बायसन' असे स्पष्ट लिहावे, वाढायचा डाव वेगळा ठेवावा, आणि घरी पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीच फोनवर विचारून घ्यावे, म्हणजे दुसरे काही करायला वेळ राहतो.