पुरात अडकलेल्यांचे मेसेज पुढे पाठवताना या चुका टाळा

ऑगस्ट २०१९च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळच्या पुलाची शिरोली गावापाशी पाण्याखाली होता आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या गावांना पाण्याचा वेढा पडला होता. आता समजा, पुण्यात बसलेल्या तुम्हाला मेसेज आला: 'शिरोळीत बारा माणसं माडीवर अडकलीत, बोट पाठवा.' शिरोळ की पुलाची शिरोली? आणि मेसेज आजचा की परवाचा?

सगळ्यात घातक चूक हीच, वेळ न लिहिणं. माणसं सुटली तरी मेसेज फिरत राहतो आणि बोट रिकाम्या घराकडे जाते. त्या वेळी दुसऱ्या माडीवर कुणीतरी वाट बघत असतं. म्हणून तारीख, वेळ, गाव, तालुका, जवळची खूण, माणसं किती, त्यात आजारी किती, हे लिहाच. पुढे पाठवण्याआधी मेसेजमधल्या नंबरवर एक फोन करा. सुटका झाली की जिथे जिथे मेसेज टाकला तिथे 'सुटका झाली' असंही कळवा. हे बहुतेक जण विसरतात. २०१८च्या केरळ पुरात स्वयंसेवकांनी उभारलेल्या केरळरेस्क्यू संकेतस्थळावर आलेल्या विनंत्याही फोन करून पडताळाव्या लागल्या होत्या.

स्क्रीनशॉट पाठवू नका. त्यातला नंबर कॉपी करून लावणं बोटवाल्याला जमत नाही.

व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासच चालतं, आणि बॅटरी खातं ते वेगळंच. एका जागी अडकलेल्याने सध्याचं लोकेशन एकदाच पाठवावं. घरात पिन भलतीकडे दिसत असेल तर खिडकीशी किंवा गच्चीवर जाऊन थोडं थांबावं. नेट नसेल तर साधा एसएमएस करून पाहा.

अडकलेल्यांची यादी ठेवायला केलेली गूगल शीट सगळ्यांना एडिटसाठी खुली ठेवली की घोळ ठरलेला. कुणीतरी गावांचा एकच कॉलम सॉर्ट करतं आणि एकाचा नंबर दुसऱ्याच्या पत्त्यासमोर जातो. असं झालं तर हाताने दुरुस्त करत बसू नका. फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्ट्रीतून आधीची प्रत परत आणा. मधल्या काळात भरलेल्या ओळी मात्र आधी दुसरीकडे उतरवून घ्या. नवी माहिती फॉर्ममधूनच घ्या, शीटला हात चौघांनीच लावावा. बायकामुलांची नावं, नंबर आणि आधारचे फोटो सार्वजनिक लिंकवर टाकू नका.

आणि शीट भरली म्हणजे प्रशासनाला कळलं, असं धरू नका. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लावा. बाहेरगावाहून लावत असाल तर आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड जोडा, नाहीतर फोन तुमच्याच जिल्ह्यात लागेल.