मसाला उद्योगाचा प्रकल्प अहवाल: सुरुवात एका किलोच्या हिशेबाने

लाल तिखटाचा किंवा मसाल्याचा छोटा कारखाना काढायचा म्हटलं की बँक प्रकल्प अहवाल मागते. तयार साचा आणून त्यात नाव-गाव भरलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. त्या साच्यांत पहिल्या वर्षी यंत्राच्या क्षमतेच्या ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८० टक्के उत्पादन धरलेलं असतं. पण यंत्र किती दळतं यावर धंदा चालत नाही, माल किती खपतो यावर चालतो. म्हणून 'उद्योगाची ओळख' हे पान शेवटी लिहा. सुरुवात एका किलोच्या हिशेबाने करा.

खालचे भाव उदाहरणादाखल आहेत. ते खोडून तुमच्या बाजार समितीतले लिहा, रीत तीच ठेवा.

अख्खी मिरची २२० रुपये किलो धरू. देठ काढणं, वाळवणं आणि दळण यांत तूट येते. १०० किलो मिरचीतून ८६ किलो तिखट धरलं, तर तिखटातली मिरची २५६ रुपयांना पडते. देठ खुडणं आणि दळणाची मजुरी १४, वीज ४, पाऊच-लेबल-खोका १६ आणि वाहतूक ६ असे आणखी ४० रुपये. म्हणजे खर्च २९६. तूट अंदाजाने लिहू नका. जी मिरची घेणार तिचे १० किलो आणून स्वतः खुडा, वाळवा, दळून वजन करा. भिजकी मिरची स्वस्त दिसते, पण या वजनात तिचं खरं रूप कळतं.

आता विक्री. पाकिटावर किलोला ४८० रुपये छापले. दुकानदाराचे १५ टक्के म्हणजे ७२ गेले, वितरकाचे २४ गेले, उरले ३८४. त्यातला ५ टक्के जीएसटी काढला की तुमच्या हाती ३६६ येतात. खर्च वजा जाता किलोमागे ७० रुपये सुटतात. छापील किमतीतून थेट उत्पादन खर्च वजा करून 'नफा १८४ रुपये' लिहिलेला अहवाल बँक अधिकारी तिथेच बाजूला ठेवतो.

महिन्याचा स्थिर खर्च मांडा. भाडं १२,०००, विक्रेत्याचा पगार १६,०००, तुमचा स्वतःचा पगार १८,०००, विमा-फोन-हिशेबनीस ८,०००, कर्जाचा हप्ता आणि कॅश क्रेडिटचं (माल-उधारीसाठी बँक देते त्या फिरत्या कर्जाचं) व्याज ३०,०००. एकूण ८४,०००. स्वतःचा पगार वगळू नका. तो धरला नाही तर घरखर्च धंद्याच्या गल्ल्यातून जातो आणि खेळतं भांडवल, म्हणजे माल आणि उधारीत फिरणारा पैसा, आटतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणार असाल तर किमान २ संचालक लागतात, आणि उलाढाल कितीही असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण करावं लागतं. त्याची फीदेखील इथेच धरा.

८४,००० भागिले ७० म्हणजे १,२०० किलो. एवढा माल महिन्याला खपला तर ना नफा, ना तोटा. एक किराणा दुकान महिन्याला ६ किलो घेत असेल तर २०० दुकानं लागतील. कुठली २०० दुकानं? अहवालात गावं, पेठा आणि आठवडी बाजार यांची नावं लिहा. निदान १५-२० दुकानदारांकडून, सध्या कोणतं तिखट किती खपतं आणि उधारी किती दिवसांची, हे विचारून तक्ता जोडा. बाजारपेठेचं प्रकरण म्हणजे हेच. 'भारतात मसाल्यांना प्रचंड मागणी आहे' या वाक्याने कुणाचंही समाधान होत नाही.

यानंतर मिरचीचा भाव वाढवून बघा. २२० ची २६० झाली, तर किलोमागे ७० ऐवजी २३ रुपये सुटतात आणि ना नफा-ना तोट्याचा आकडा १,२०० वरून ३,६०० किलोच्या आसपास जातो. भाव ४० रुपयांनी चढला की गणित तिपटीने अवघड होतं. त्यावर तुमचा उपाय काय, तो स्पष्ट लिहा: छापील किंमत वाढवणार, हंगामात साठा करणार, की ठोक विक्री थांबवणार.

साठा म्हटला की खेळत्या भांडवलाचा प्रश्न येतो. माझ्या मते बहुतेक चांगले धंदे इथेच अडकतात. मिरचीची मोठी आवक उन्हाळ्याच्या तोंडाशी होते, तिखट मात्र वर्षभर विकायचं असतं. महिन्याला १,५०० किलो विक्री धरली तर १,७४४ किलो मिरची लागते. आठ महिन्यांची एकदम घ्यायची तर ३० लाखांच्या वर पैसे हवेत. बँका छोट्या उद्योगाला सहसा अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल देतात, ५ टक्के तुम्ही घालायचे. इथे उलाढाल सुमारे ६६ लाख, म्हणजे दोन्ही मिळून साडेसोळा लाख. तीन महिन्यांची मिरची साडेअकरा लाखांची आणि ३० दिवसांची उधारी साडेपाच लाखांची, एवढ्यातच ते संपतात. म्हणून साठा तीन महिन्यांपेक्षा थोडा कमीच धरा, आणि पुढची मिरची शीतगृहातून चढ्या भावाने घ्यावी लागेल हे खर्चात दाखवा.

रोख आवक-जावक दरमहा लिहा, वर्षाची बेरीज पुरत नाही. पहिल्या महिन्यात ३०० किलो, मग हळूहळू वाढ, असं धरलं की सुरुवातीचे काही महिने तोटा दिसेल. तो लपवू नका, प्रकल्प खर्चात भरा.

यंत्रांची कोटेशनं तीन ठिकाणची घ्या. त्यात जीएसटी, वाहतूक, बसवणी आणि मोटर धरली आहे का, ते विचारा. पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) भराभर दळतो, पण तापतो आणि रंग उतरतो. डंक (कुटायचं यंत्र) सावकाश चालतो, रंग राखतो. यांतला कोणता घेणार यावर किंमतही ठरते आणि गिऱ्हाईकही. थ्री-फेज जोडणीचा खर्च महावितरणकडून लेखी घ्या. वस्तीत जागा घेतली तर मिरचीच्या खकाण्याने शेजारी तक्रार करणारच, म्हणून धूळ ओढणारी यंत्रणा पहिल्यापासून धरा.

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या अनुदान योजनेतून जाणार असाल तर उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. सर्वसाधारण गटात स्वतःचा वाटा १० टक्के, अनुदान शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत. अनुदान हातात येत नाही, ते ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. त्याच्या भरवशावर मिरची खरेदीचं नियोजन करू नका. अर्ज करताना जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्या.

बँक शेवटी कर्जफेडीची क्षमता बघते: नफा, घसारा (यंत्राच्या झिजेपोटी हिशेबात धरलेली रक्कम) आणि मुदत कर्जाचं, म्हणजे हप्त्यांनी फेडायच्या कर्जाचं, व्याज यांची बेरीज, भागिले वर्षाचा हप्ता आणि व्याज. सरासरी दीडच्या आसपास यावी. सव्वाच्या खाली गेली तर आकडे फुगवू नका. यंत्र लहान घ्या किंवा मुदत वाढवून मागा.