दारातून टिपर जातात त्यांच्यासाठी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमचं घर रस्त्याला इतकं चिकटून आहे की सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसलं तर ड्रायव्हरच्या हातातली विडी दिसते. एकेकाळी आमचाही खनिज वाहणारा टिपर ट्रक होता. 2012 साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तो अंगणात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच. त्या शांततेतही मला झोप लागत नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

आता ट्रक पुन्हा धावतात. पहिले चार दिवस काही करू नका, नुसतं ऐका. भरलेला ट्रक घरघरत निघून जातो. खरा उच्छाद रिकाम्याचा. मागचा फाळका सैल असला की प्रत्येक खड्ड्यात घण घातल्यासारखा आदळतो. म्हणून घरासमोरचा खड्डा बुजवून घ्या, याहून स्वस्त उपाय नाही. आणि गतिरोधक दारासमोर मागू नका. आम्ही हौसेनं मागून घेतला. ब्रेक, गियर, फाळका, तिन्ही आवाज उशाशी! घरं सुरू व्हायच्या आधीच तो हवा.

झोपायची खोली मागीलदारी न्या. रात्री आत दिवा मालवून कुणाला तरी बाहेरून खिडकीवर बॅटरी मारायला सांगा. उजेड येतो तिथूनच आवाज येतो. तिथं रबराची पट्टी. नळ्यांच्या छपराला फटीच फटी, तेव्हा निदान त्या एका खोलीला तरी सीलिंग करा. झाडांनी धूळ अडते, आवाज फारसा नाही. चिऱ्यांची भिंत उपयोगी, पण सलग हवी आणि सोप्यावरून इंजिन दिसू नये इतकी उंच.

वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सहा 45. ग्रामसभेत नुसतं ‘त्रास होतो’ म्हणू नका, वही न्या: वेळ, भरलेला की रिकामा, ताडपत्री होती का. ट्रक बंद करा म्हणालात तर निम्मी सभा उठेल, कारण हप्ते त्यांचेही आहेत. वेळ बांधून मागा.

आमच्या ह्यांनी जुन्या ट्यूबचे तुकडे कापून सोप्यावर ठेवलेत. फाळका टेकतो तिथं एक घातला की आदळणं बरंच कमी होतं. पाणी प्यायला थांबलेल्या ड्रायव्हरला तांब्याबरोबर एक तुकडाही मिळतो.