कामावर सुई टोचली तर: रुग्णालयातील कर्मचाऱ्याने भरपाई कशी मागावी

पुण्यातील रुग्णालयांत सिस्टर, वॉर्डबॉय किंवा सफाईच्या मावशींना कामावर इजा झाली, की बहुधा पट्टी बांधून ड्युटी पुरी केली जाते आणि कागदावर काहीच उमटत नाही. पुढे भरपाईचा दावा अडतो तो इथेच.

समजा, सलाईन काढताना वापरलेली सुई टोचली. अशा वेळी जखम दाबून रक्त काढू नये. ती साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. मग लगेच कॅज्युअल्टीत जाऊन एचआयव्हीप्रतिबंधक औषधांविषयी विचारावे. ती शक्यतो 2 तासांत आणि फार तर 72 तासांत सुरू व्हावी लागतात व 28 दिवस घ्यावी लागतात. त्याच वेळी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी स्वतःचे रक्त तपासून घ्यावे. या अहवालाचा उपयोग उपचारापुरता नाही. सहा महिन्यांनी संसर्ग आढळला, तर सुई टोचली त्या दिवशी तो नव्हता हे दाखवणारा याहून भक्कम पुरावा मिळत नाही. त्याची प्रत घरी ठेवावी, वॉर्डच्या कपाटात नव्हे.

त्यानंतर, शक्यतो ड्युटी संपण्यापूर्वी, मेट्रन किंवा प्रशासनाला लेखी कळवावे. तारीख, वेळ, वॉर्ड, कोणते काम चालू होते आणि कोण हजर होते, एवढे लिहून अर्जावर पोच घ्यावी व अपघात नोंदवहीत नोंद करवून घ्यावी. तोंडी सांगणे म्हणजे न सांगणेच. नातेवाइकांनी मारहाण केली असेल, तर महाराष्ट्राच्या 2010 च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्याखाली पोलिसांत गुन्हा नोंदवून त्याची प्रतही जोडावी.

आता आपले विमाछत्र कोणते, ते पाहावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी रुग्णालयात पगार दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआयसी, लागू होते, पगारपत्रकावर 0.75 टक्के कपात दिसते आणि मालक 3.25 टक्के भरतो. कामावरील इजेसाठी किती महिने वर्गणी भरली, ही अट नसते. कामाचा पहिला दिवसही चालतो. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे 90 टक्के दराने रोख लाभ मिळतो, तर कायमचे अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली हे ठरवते व त्यानुसार मासिक रक्कम मिळते. त्यासाठी मालकाचा अपघात अहवाल आणि ईएसआय डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. पुण्याचे उपप्रादेशिक कार्यालय बिबवेवाडीत आहे.

ईएसआयसी लागू नसेल, तर कर्मचारी नुकसानभरपाईचा मार्ग उरतो. 1923 चा तो कायदा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. आपले काम तिच्या दुसऱ्या अनुसूचीतील यादीत बसते का, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावे. तिसऱ्या अनुसूचीत मात्र आरोग्यसेवा आणि प्रयोगशाळेच्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग व्यवसायजन्य रोग म्हणून नमूद आहेत. क्षयरोगाच्या वॉर्डातील कर्मचाऱ्याला हा आधार मोलाचा ठरतो. दावा साधारणपणे दोन वर्षांत करावा लागतो. एकाच इजेसाठी दोन्हींकडून भरपाई घेता येत नाही.

कंत्राटी मावशी आणि मामांना "तुमचा ठेकेदार बघेल" असे सांगून वाटेला लावले जाते, पण ठेकेदार चुकल्यास मुख्य मालक म्हणून रुग्णालयाची जबाबदारी संपत नाही. ठेकेदार बदलला तरी ईएसआयसीचा विमा क्रमांक तोच राहतो. म्हणून नव्या ठेकेदाराला जुनाच क्रमांक द्यावा आणि वर्गणी जमा होते की नाही, हे इजा होण्याची वाट न पाहता ऑनलाइन तपासावे.