बजी पिंजऱ्यात नुसता बसून राहतो? या चुका टाळा

पक्षी शांत बसलाय म्हणजे मजेत आहे, ही समजूत आधी डोक्यातून काढा. बजी (बाजारात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात तोच) मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचा पक्षी. तिथे तो थव्याने राहतो, पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात लांबलांब उडतो, जमिनीवर उतरून एकेक दाणा टिपतो. दिवसभर त्याला काम असतं. घरात आणलं की ते सगळं काम आपण काढून घेतो आणि वर तो आळशी आहे म्हणतो. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

भरलेली वाटी

सकाळी वाटी काठोकाठ भरली की दिवसभराची काळजी मिटली, असं आपल्याला वाटतं. पक्ष्याचं जेवण मात्र झटपट उरकतं आणि मग पुढे काहीच उरत नाही. त्यातला आवडीचा, तेलकट दाणा तो आधी वेचतो, बाकीचा तसाच ठेवतो. वजन वाढतं, हालचाल घटते.

यातच एक फसगतही होते. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपटं पुन्हा वाटीतच पडतात. वरून वाटी भरलेली दिसते, पण आत खायला एक दाणा नसतो. रोज वाटी हातात घ्या, हलकी फुंकर मारा. फोलपटं उडाल्यावर खाली जे राहतं, तेवढंच त्याचं अन्न. एवढा लहान पक्षी फार वेळ उपाशी राहू शकत नाही, म्हणून ही फुंकर चुकवू नका.

दिवसाला साधारण दोन चहाचे चमचे दाणे एका पक्ष्याला पुरतात. त्यातले थोडे वाटीत ठेवा, बाकीचे शोधायला लावा. उथळ ताटलीत कोऱ्या कागदाचे तुकडे पसरून त्यांत दाणे लपवा. राळ्याचं कणीस दांडीपासून थोडं दूर टांगा, म्हणजे त्याला लोंबकळून खावं लागेल. नीट धुतलेली कोथिंबिरीची जुडी ओलीच अडकवा. पानं तो कुरतडेलच, पण पुष्कळ बजी त्या ओल्या पानांत अंग घासून अंघोळही करतात. तासाभराने सुकलेला पाला काढून टाका, पावसाळ्यात तर नक्कीच. त्या दिवसांत दाण्यांनाही बुरशी धरते, म्हणून एकदम किलोभर भरून ठेवू नका.

गोल पिंजरा, गुळगुळीत दांडी

बजी वर-खाली कमी उडतो, आडवा जास्त. त्यामुळे उंच किंवा घुमटासारख्या पिंजऱ्यापेक्षा लांबट, चौकोनी पिंजरा घ्या. दोन दांड्यांमध्ये पंख मारून जाण्याइतकं अंतर हवं. सळ्यांमधली फट १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, डोकं अडकतं.

सोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या एकसारख्या दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, औषध न फवारलेल्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. कमी-जास्त जाडीमुळे पायावरचा भार बदलत राहतो, आणि साल सोलण्याचा उद्योगही मिळतो.

बारमाही मडकं

आपल्याकडे पिंजऱ्याबरोबर मडकं जवळजवळ गृहीतच धरलेलं असतं. पक्ष्याला ‘घर’ हवं म्हणून लोक ते प्रेमाने टांगतात. बजी झोपायला मडक्यात जात नाही, त्याला दांडीच लागते. मडकं म्हणजे अंडी घालण्याची ढोली. ती कायम समोर असली की मादी दिवसचे दिवस आत बसते, मडक्यासाठी भांडते, एकामागून एक अंडी घालते. नर नसतानाही घालते. प्रत्येक कवचाला लागणारं कॅल्शियम तिच्याच अंगातून जातं, आणि शेवटी अंडं आत अडकून जीव जाऊ शकतो.

पिल्लं नको असतील तर मडकं लावूच नका. लावलेलं असेल तर पिल्लं बाहेर पडून स्वतः खायला लागल्यावर काढा. एकटी मादी तळाशी अंडी घालत असेल तर एकेक अंडं उचलत बसू नका, कमी झालेली भरून काढायला ती आणखी घालते. कंटाळून सोडेपर्यंत राहू द्या. कॅल्शियमसाठी कटलफिशचं हाड (कटलफिश या समुद्री जिवाचं पांढरं, कुरतडता येणारं कवच) पिंजऱ्यात कायम असू द्या.

आरसा म्हणजे सोबत नव्हे

एकटा नर आरशातल्या पक्ष्याला भरवायला बघतो, पुन्हा पुन्हा दाणे ओकतो आणि माणसांकडे पाठ फिरवतो. आरसा काढा. घरात दिवसभर कोणी नसेल तर जोडीदार आणा, पण निदान महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात आणि वेगळ्या खोलीत ठेवल्यावरच एकत्र करा. आणि सोबत म्हणून आपला कंठवाला हिरवा पोपट आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पाळणं गुन्हा आहे.

जागा, झोप, धूर

हॉलमधला टीव्ही रात्री बारापर्यंत चालू असेल तर पक्षी दिवसा पेंगणारच. त्याला दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर, एका बाजूने भिंतीला टेकलेला असावा. बाल्कनीत ठेवलात तर अर्ध्या पिंजऱ्यावर सावली असू द्या. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत असेल तर त्याला ऊन सोसत नाहीये, लगेच आत घ्या.

स्वयंपाकघरात पिंजरा अजिबात नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की सुटणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. उदबत्ती, धूप, मच्छरांची कॉइल यांचा धूरही त्याच्यापासून लांब ठेवा.

रोज थोडा वेळ बाहेर सोडा, पण आधी पंखा बंद, खिडक्या बंद, काचेवर पडदा. फिरत्या पंख्याने गेलेले पक्षी कमी नाहीत. परत आत घालायला मुठीत पकडू नका; आत आवडीचं कणीस लावा आणि थांबा.

कंटाळा की आजार?

एक पाय वर घेऊन, चोच हलकी करकर घासत बसलेला बजी निवांत असतो, झोपायला टेकलेला असतो. दोन्ही पायांवर, पिसं फुगवून, भर दिवसा बसलेला असेल तर लक्ष द्या. श्वासागणिक शेपटी खाली-वर होत असेल, तो तळाशी उतरला असेल, किंवा मादी कण्हत जोर काढत असेल तर त्याच दिवशी पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो; तो दिसायला लागतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो.

टक्कल पडलं असेल तर कुठे ते बघा. छातीची पिसं गेली असतील तर तो स्वतःच उपटत असेल. डोक्याची गेली असतील तर तिथे त्याची चोच पोहोचतच नाही. जोडीदार उपटतोय, नाहीतर कीड लागलीय. चोचीच्या कडेला पांढरी, भुसभुशीत खपली दिसली तर ती बहुधा कीडच. त्यावर घरचं तेल चोळत बसू नका, औषध डॉक्टरांकडूनच घ्या.