अमेरिकन क्लायंटने डब्ल्यू-८बेन हा टॅक्स फॉर्म मागितलाय? घाबरू नका
कॉलेज रोडला मिसळ खाताना मित्राने मोबाईल दाखवला, क्लायंट म्हणे आधी टॅक्स फॉर्म दे मग पेमेंट, आणि हा डब्ल्यू-९ भरत बसला होता! अरे बाबा तो अमेरिकेतल्या लोकांचा. आपण नाशकात बसून स्वतःच्या नावाने काम करतो ना, मग आपला डब्ल्यू-८बेन, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा. कंपनी असेल तर वेगळा, डब्ल्यू-८बेन-ई.

भरायला दहा मिनिटं. नाव पॅनवर आहे तसंच, पत्ता घरचा खरा, पोस्ट बॉक्स चालत नाही. अमेरिकन टॅक्स नंबर नसतो आपल्याकडे, ती जागा रिकामी सोडा आणि फॉरेन टॅक्स नंबरच्या रकान्यात पॅन टाका. सगळ्यात जास्त घोळ जन्मतारखेत होतो, तिथे महिना आधी, मग दिवस, मग वर्ष, म्हणजे ५ ऑगस्ट असेल तर ०८-०५.

सही करून फॉर्म क्लायंटलाच द्यायचा, आयआरएसला (अमेरिकेच्या टॅक्स खात्याला) नाही. नाही दिला तर क्लायंट पेमेंटमधून ३०% टॅक्स कापूनही ठेवू शकतो. सही केलेल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो, मधे फॉर्ममधली माहिती चुकीची ठरेल असं काही बदललं, उदाहरणार्थ अमेरिकेत राहायला गेलात, तर नवीन द्या. आणि हो, इथला इन्कम टॅक्स रिटर्न भरायचाच, तो काही सुटत नाही 😄