मलकालला निघण्याआधी

भाच्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला जाणाऱ्या आपल्या लष्कराच्या तुकडीच्या यादीत तुझं नाव लागल्याचं आक्कानं फोनवर सांगितलं. आनंदानं सांगत होती आणि मध्येच गप्प होत होती. तू नर्सिंग असिस्टंट, मीही त्याच ट्रेडमधून पेन्शन आलो, आणि २०१४चा अख्खा पावसाळा मी मलकालच्या आपल्या फील्ड हॉस्पिटलात काढला. तिथल्या राजधानीत, जुबात, १५ डिसेंबर २०१३ला यादवी पेटली आणि पुढच्या काही महिन्यांत मलकाल शहर कितीदा या बाजूकडून त्या बाजूकडं गेलं. आपण तिथं लढायला नसतो. पण लढाईत जे मोडतं ते आपल्या दारात येतं, म्हणून तयारी करून जायचं. सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली आणखी पोरं जाणार असतील, त्यांच्याही कामाला यावं म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

किटची छापील यादी युनिट देईल. दिल्लीत मिशनआधीचं ट्रेनिंग होईल, निळी टोपी मिळेल, नियम सांगतील. त्या यादीत जे नसतं आणि तिथं रोज लागतं, तेवढंच मी सांगतो.

पहिली तयारी पायांची. मलकाल पांढऱ्या नाईलच्या काठावर आहे आणि तिथली जमीन काळी आहे, अगदी शिरोळकडच्या रानासारखी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मे ते ऑक्टोबर पाऊस लागला की तीच माती बुटाला धरून ठेवते. गाड्या रुततात, अँब्युलन्स रुतते, मग स्ट्रेचर चौघांनी खांद्यावर घ्यायचं. शिरोळच्या पुरात चिखल तुडवलेला माणूस तिथं लवकर रुळतो. गमबूट युनिटकडून मिळाले तरी आपल्या मापाचा एक जोड इथून घे, कारण अर्धा नंबर मोठा गमबूट चिखलात मागं राहतो आणि पाय पुढं येतो. सुती मोजे डझनभर घे. चिखल्यांसाठी पावडर आणि मलम घे. ड्युटी संपली की पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं हे तिथं दात घासण्याइतकं नेमाचं. बूट उलटा करून झाडल्याशिवाय पाय आत घालायचा नाही, तिथं विंचू आहेत आणि सापही आहेत.

दुसरी तयारी उजेडाची, आणि हिच्यावर मी जास्त लिहिणार आहे. रात्रीच्या लाईटीला उसाला पाणी पाजायला जाताना दाजी डोक्याला जी बॅटरी बांधतात, तसल्या दोन घे. एक चार्जिंगची, एक सेलवाली. सेल वेगळे, प्लास्टिकच्या डब्यात. एका रात्री आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, ऑपरेशन चालू असताना जनरेटर बसला. दुसरा सुरू झाला, पण लाईन त्याच्यावर यायला वेळ लागत होता. टेबलावर पोटात गोळी लागलेला तरुण. सर्जन साहेबांचा हात थांबला नाही, ते फक्त ‘लाईट’ म्हणाले. मी आणि माझा जोडीदार डोक्याच्या बॅटऱ्या लावून दोन्ही बाजूंना उभे राहिलो. मान हलली की उजेड हलतो, म्हणून मान धरून ठेवायची. श्वाससुद्धा सांभाळून घ्यायचा. लाईट आली तेव्हा माझी मान सरळ होईना. तो पोरगा वाचला. आठवड्यानं विमानानं पुढं गेला तेव्हा त्यानं माझ्या कपाळाकडं बोट दाखवून हात जोडले.

त्यामुळं आतापासून सराव कर. खोलीतली लाईट घालव, डोक्याला बॅटरी बांध आणि ड्रेसिंगचा ट्रे लाव, सलाईनचा सेट जोड. मशीनशिवाय, हातानं पंप दाबून आणि स्टेथोस्कोप लावून ब्लडप्रेशर घे. रक्ताचा फ्रिज २ ते ६ अंशांत राहिला पाहिजे, म्हणजे लाईट गेली की पहिला नियम, दार उघडायचं नाही. इथं हे पाठ असतं. तिथं पहाटे तीनला, बाहेर गोळीबाराचा आवाज असताना, हात आपोआप तिकडं जाऊ नये इतकं अंगात मुरलं पाहिजे.

कामाचं मोठेपण किती ते माहीत असू दे. आपलं लेव्हल टू हॉस्पिटल म्हणजे मिशनच्या हिशोबानं दिवसाला ४० बाहेरचे पेशंट, तीन-चार ऑपरेशनं, १० ते २० जण सात दिवसांपर्यंत ठेवण्याची सोय आणि ६० दिवसांचा औषधसाठा. कागदावर हे नीट दिसतं. प्रत्यक्षात आठवडा-आठवडा मलेरिया, जुलाब, पाठदुखी आणि निरनिराळ्या देशांच्या जवानांचे दात, आणि मग एका दुपारी एकदम अठरा जण. जखमीला १० मिनिटांत प्रथमोपचार, तासाभरात जीव टिकवणारे उपचार आणि दोन तासांत शस्त्रक्रिया हा मिशनचा नियम ट्रेनिंगमध्ये शिकवतील. त्या दुपारी तो पाळता येतो की नाही, हे आधीच्या रिकाम्या आठवड्यात तू काय केलंस त्यावर ठरतं. आम्ही रोज सकाळी फॉलिन, म्हणजे रांगेतली हजेरी, झाल्यावर साठा मोजायचो, हत्यारं वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर नीट चाललाय का बघायचो, स्ट्रेचरचे पट्टे ओढून बघायचो, पाण्याच्या टाकीत काठी घालून माप घ्यायचो, डिझेलची नोंद करायचो. डिझेल आणि जड सामान जुबाहून नदीनं बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर, येतं. बार्ज अडकली की सगळ्यांच्या बोलण्यात तेवढंच. लंगरचा, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराचा, कुक, ड्रायव्हर, जनरेटरवाला, धोबी यांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ कर. तुझा पेशंट त्यांच्याही हातात असतो.

सामान बांधताना मला कोरियाची गोष्ट आठवायची, ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी सांगितलेली. १९५०च्या नोव्हेंबरात आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही लष्करी वैद्यकीय तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली कोरियात उतरली. डिसेंबरात प्योंगयांगमधून माघारीचा हुकूम आला. सामान सोडून निघावं लागणार अशी वेळ होती. त्यांना एक जुनं इंजिन सापडलं, युनिटमध्ये इंजिन चालवता येणारे निघाले, बादल्यांची साखळी करून बॉयलरमध्ये पाणी भरलं आणि पूल उडवण्याआधी सगळं सामान घेऊन ते नदीपार झाले. ते सामान होतं म्हणून पुढं त्यांना काम करता आलं. तेव्हा तुझ्या ट्रेडच्या बाहेरचं एक काम शिकून जा. वेल्डिंग म्हण, जनरेटरचं फिल्टर बदलणं म्हण, भाकरी थापणं म्हण. पंप बिघडला तर घरी दाजी तुलाच हाक मारतात, म्हणजे पंपाचं तुला येतंच.

आता औषधं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी झाली पाहिजे. तिचं पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर ठेव, फोटो काढून आक्काच्या फोनवरही ठेव. ते आता आयुष्यभर चालतं. मलेरियाची गोळी कुठली ते तुमचे एमओ साहेब, म्हणजे युनिटचे डॉक्टर, ठरवतील, पण एक गोष्ट मी कळकळीनं सांगतो. परत आल्यावरही सांगितलेले आठवडे ती घ्यायची. गावी आलो, आईच्या हातचं खाल्लं, आता कशाला गोळी, असं म्हणून सोडलेला माझा एक सोबती तापानं आडवा झाला. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात ‘आफ्रिकेतून आलोय’ हे त्यानं सांगितलंच नाही. दोन दिवस फुकट गेले. तू ताप आला की आधी तेच सांगायचं. मलकालच्या बाजूला काळा आजारही आहे, तो वाळूमाशीनं पसरतो. ती डासापेक्षा बारीक असते, साध्या मच्छरदाणीतून आत येते. औषध लावलेलीच दाणी वापरायची आणि दिवस मावळायच्या आत पूर्ण बाह्या घालायच्या, कितीही उकडलं तरी.

खाण्याचं. रेशन चांगलं असतं, उपाशी कुणी राहत नाही. पण जीभ आठव्या दिवशी कंटाळते आणि माणूस ताटात सोडायला लागतो. आक्काला कांदा-लसूण मसाला दोन किलो करायला सांग, कोरडा, तेल कमी. अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं सीलबंद, त्यावर दुसरी पिशवी. आमच्या लंगरमध्ये पंजाबी आणि तमिळ पोरंसुद्धा तो भातावर घालून घ्यायची. गुळाची ढेप नेऊ नको, मुंग्या आणि दमट हवा. बारीक तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात. शेंगदाण्याची चटणी महिनाभराच्या अंदाजानंच. आणि रेशनमध्ये फळं, ताजी भाजी येईल ती टाकायची नाही. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकात कूतच्या वेढ्यात आपल्या ११० आणि ११७ मराठा पलटणी अडकल्या होत्या. घोड्याचं मांस आपले बरेच शिपाई महिनोन्‌महिने खाईनात, ताजी भाजी नव्हती, आणि स्कर्व्हीनं हिरड्या सुजलेली माणसं मोर्चात बसून होती. आपल्याच मुलखातली माणसं ती. ताटातलं संत्रं सोडताना मला ते आठवायचं आणि मी खायचो.

तिथले लोक काय खातात माहीत आहे का? जोंधळा. त्याची पातळ आंबवलेली पोळी करतात, किसरा म्हणतात. पीठ मळताना मी बघितलं आणि आज्जीच्या काठवटीची आठवण आली. जोंधळ्याचं पीक मुळात त्याच सुदानच्या पट्ट्यातून जगभर गेलं. त्यांची गुरं लांब शिंगांची, आणि त्यांच्यावर जीव आपल्या बैलांवर असतो तसाच. आपल्या तुकडीबरोबर जनावरांचे डॉक्टरही असत, त्यांच्याकडं आमच्यापेक्षा मोठी रांग लागायची. तू गोठ्यात वाढलायस, सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत जा. गाईच्या पाठीवरून हात फिरवलास की तिथला म्हातारा तुझ्याशी बोलायला लागेल.

त्यासाठी थोडी भाषा घेऊन जा. पाणी म्हणजे मोया. दुखणं म्हणजे वजा. औषधाला दवा, साबणाला साबून, खुर्चीला कुर्सी. निम्मे शब्द तुला आधीच येतात. दुखणाऱ्या जागेजवळ बोट नेऊन ‘वजा?’ विचारलं की लहान पोरसुद्धा मान हलवतं. एका खिशातल्या वहीत पन्नास शब्द मराठीत लिहून ने.

फोनमध्ये पेशंटचा, छावणीचा, गेटचा फोटो नको. गावच्या ग्रुपवर ‘आज इकडं चाललोय’ असं काही टाकायचं नाही. एवढं पुरे, हे तुला कळतं.

आता घर, कारण घर तयार नसेल तर ट्रंक कितीही भरलेली असली तरी तुझं मन तिथं लागणार नाही. बँकेत आक्काचं नाव जोडून घे. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या नोंदींच्या कागदात, लग्नाची नोंद, नॉमिनी, विम्याचा कागद सगळं एकदा डोळ्यांनी तपास. लग्नाआधीचा नॉमिनी तसाच राहिलेला मी पाहिलाय आणि त्यानंतर त्या सूनबाईंनी मारलेले हेलपाटेही पाहिलेत. मृत्युपत्राचा फॉर्म येईल. तो भर, सुनेला शेजारी बसवून भर, आणि आक्काला मी सांगेन. सोसायटीचं कर्ज, उसाची कारखान्याकडची नोंद आणि सातबाऱ्याचं काही काम असेल तर दाजींच्या नावानं वटमुखत्यारपत्र करून ठेव. तोड येईल तेव्हा तू तिकडं असशील; टोळीच्या मुकादमाचा नंबर दाजींकडं आहे का ते बघ. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुठं जायचं ते सुनेला एकदा घेऊन जाऊन दाखव.

फोनची वेळ ठरवून जा. मी होतो तेव्हा तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं होतं, फेब्रुवारी २०२१पासून साडेतीन तास मागं आहे. आक्का रात्री नऊला जेवून बसते तेव्हा तुझे साडेपाच वाजलेले असतील. आठवड्यातले दोन वार ठरव, रोजचा शब्द देऊ नको. रोजचा शब्द दिला आणि एक दिवस नेटवर्क गेलं, की इथं रात्रभर कुणी झोपत नाही. ‘फोन आला नाही तर काम आहे असं समजायचं’ हे आक्काकडून तीनदा म्हणवून घे.

शेवटचं लिहायला मला जड जातंय. त्या अठरा जणांच्या दुपारनंतर मी कुणाशी बोललो नाही. हात धुतले, जेवलो, झोपलो, सकाळी साठा मोजला. इकडं आल्यावर हंगामात उसाचा ट्रॅक्टर फटकन वाजला की मी अंगणात खाली बसायचो. दोन वर्षं हे असंच चाललं, तुझ्या मामीला काय झालं ते कळेना. मग डॉक्टरांकडं गेलो, बोललो, हळूहळू कमी झालं. तू त्याच रात्री बोल. सीनियरशी बोल, एमओ साहेबांशी बोल, कुणी नसेल तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. ही गोष्ट यादीत सगळ्यात वर लिही.

रविवारी टेंबलाईवाडीला घरी ये. माझी काळी ट्रंक घासून, नवा रंग देऊन वाळत ठेवली आहे. कडी बदलली आहे, आत मामीनं जुन्या साडीचं अस्तर लावलंय. झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर घालायचा राहिलाय. माझा नंबर पुसून टाकलाय, तुझा घेऊन ये.